पंपाचा पंखा व पाण्याचा उपसा

(अभ्यासपाठ)



परळी तालुक्यातील सिरसाळा व त्याच्या भोवतालची गावे अशा मुलखात आहेत की, पावसाळा सरला म्हणजे शेतकऱ्याची दृष्टी आभाळाकडून विहिरीकडे वळते. बीड जिल्ह्यात पाऊस थोडा व तोही बेभरवशाचा. जमिनीखाली काळा कातळ. आणि विहिरीचे पाणी दिवाळीस जेथे असते तेथे ते होळीस राहत नाही. अशा ठिकाणी पाणी उपसण्याचे साधन चांगले की वाईट, ह्यावर एका कुटुंबाचे वर्षाचे पोट अवलंबून असते. कित्येक वेळा ते साधन कर्ज काढून घेतलेले असते, आणि घेताना दुकानात एकच प्रश्न विचारला जातो, तो हा की, ‘‘किती एच.पी.चा?’’

हा प्रश्न चुकीचा नाही, परंतु अपुरा आहे. एच.पी. म्हणजे अश्वशक्ती, आणि ती मोटारीची असते. मोटारीचे बळ पाण्याच्या अंगी पोहोचविण्याचे काम पंपाच्या पोटातील एक लहानसे चाक करते. कारखानदार त्यास इंपेलर म्हणतात व आपण पंखा म्हणतो. ह्या पंख्याचा आकार आपल्या विहिरीच्या खोलीस व पाण्यास जुळणारा नसेल, तर मोठी मोटारही थोडे पाणी देते, वीज अधिक खाते, आणि कधी कधी जळून जाते. ह्यास्तव पंख्याचा व्यास, रुंदी, पात्यांचा बाक व त्याचे तोंड ह्यांचा उपशावर कसा परिणाम होतो, हे ह्या पाठात क्रमाने पाहावयाचे आहे. गावोगावी शिकविणाऱ्या बंधूंनी तो चारचौघांत वाचावा, व शेवटी दिलेले प्रश्न विचारावेत.

१. पंखा पाणी कसे चढवितो

मोटेत पाणी भरून बैल ते वर ओढीत. पंपाचा पंखा पाणी असे भरून आणीत नाही. तो ते गरगर फिरवून कडेला फेकतो. डेऱ्यात रवी फिरविली म्हणजे ताक कडेला चढते व मधोमध खळगा पडतो, हे घरोघरच्या बायकांनी पाहिलेले आहे. पंपातही तेच घडते. पंखा फिरू लागला की, पाणी मध्यापासून कडेकडे लोटले जाते व मध्यभागी दाब कमी होतो. मग विहिरीच्या पाण्यावर बाहेरच्या हवेचा जो भार असतो, तो नळीतून नवे पाणी त्या मध्यभागात ढकलतो. ह्या मधल्या तोंडास पंख्याचा डोळा म्हणतात. डोळ्यातून आत आलेले पाणी पात्यांमधून कडेस जाते, तेथून शंखाच्या आकाराच्या कवचात शिरते, आणि कवच हळूहळू रुंद होत गेल्यामुळे पाण्याचा वेग मंदावून त्याचा दाब बनतो. हा दाब पाणी वर चढवितो. मध्यापासून दूर फेकणारा म्हणून ह्या पंपास केंद्रोत्सारी पंप असे नाव आहे.

पंप सुरू करण्यापूर्वी तो पाण्याने का भरावा लागतो, हेही ह्यावरून कळेल. हवा पाण्याहून आठशे पटींच्या आसपास हलकी आहे. पंख्याने हवा फेकली तर मध्यभागी इतका थोडा खळगा पडतो की, विहिरीतील पाणी वर येत नाही.

२. व्यास व वेग

शेतातील पाखरे हाकण्यास आपण गोफण वापरतो. गोफणीची दोरी लांब असली किंवा हात वेगाने फिरला, तर दगड दूर जातो. पंख्याची गोष्ट अशीच आहे. त्याचा व्यास ही गोफणीची दोरी, व त्याचे फेरे हा हाताचा वेग. दोहोंवरून पंख्याच्या कडेचा वेग ठरतो, आणि पाणी किती उंच चढेल हे त्या वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. वेग दुप्पट केला तर उंची दुप्पट होत नाही, चौपट होते.

एक हिशेब करू. विहिरीवरची साधी दोन ध्रुवांची विजेची मोटार मिनिटास सुमारे २,८८० फेरे घेते. तिच्यावर १५ सेंटिमीटर व्यासाचा पंखा असेल, तर त्याच्या कडेचा वेग सेकंदास सुमारे २२.६ मीटर होतो. ह्या वेगाने वर फेकलेली वस्तू सुमारे २६ मीटर उंच जाते. पंपाच्या बाहेरच्या नळीचे तोंड बंद ठेविले असता तो जो दाब देतो, तो सहसा ह्या उंचीच्या आसपास असतो. पाणी वाहू लागले म्हणजे त्यातून काही कमी होतो. आता पंखा १२ सेंटिमीटरांचा घेतला, तर ही उंची सुमारे १७ मीटरांवर येते. व्यास पाचव्या हिश्शाने घटला, पण उंची तिसऱ्या हिश्शाहून अधिक घटली.

फेऱ्यांचा नियम असा आहे : तोच पंखा अर्ध्या वेगाने फिरविला, तर पाणी अर्धे, उंची एक चतुर्थांश आणि मोटारीवरील भार एक अष्टमांश होतो. ज्या गावी विजेचा दाब कमी येतो, तेथे मोटारीचे फेरे थोडेच घटले तरी उंच टाकीत पाणी पोहोचत नाही, ह्याचे एक कारण हे आहे.

पंखा गरजेहून मोठा असेल, तर लेथवर त्याची कड उतरवून व्यास कमी करता येतो. कारखान्यांतही ही रीत आहे. परंतु ती थोड्या प्रमाणातच चालते. कड फार उतरविली तर पंखा व कवच ह्यांमधील जागा वाढते, पाणी तेथेच घुटमळते, व पंपाची कार्यक्षमता बिघडते.

३. रुंदी

व्यासाने उंची ठरते, आणि पंख्याच्या कडेची रुंदी, म्हणजे पाणी बाहेर पडण्याची फट, हिच्यावरून मुख्यत्वे पाण्याचे प्रमाण ठरते. सारख्या व्यासाचे दोन पंखे घ्या. एकाची फट करंगळीएवढी व दुसऱ्याची अंगठ्याएवढी असेल, तर दोघांची उंची जवळजवळ सारखीच राहील, पण दुसरा पुष्कळ अधिक पाणी देईल व तितकाच अधिक भार मोटारीवर टाकील.

ह्यामुळे पंख्याकडे पाहून त्याचे काम ओळखता येते. खोल विहिरीतून थोडे पाणी चढविणारा पंखा मोठ्या व्यासाचा व अरुंद फटीचा असतो. कालव्यातून किंवा बंधाऱ्यातून थोड्या उंचीवर पुष्कळ पाणी टाकणारा पंखा रुंद व आखूड असतो. उंची फारच थोडी व पाणी फारच मोठे असेल, तर पंखा आगबोटीच्या पंख्यासारखा होतो व पाणी कडेला न जाता आसाच्या दिशेनेच पुढे लोटले जाते. ह्यांपैकी एकाचे काम दुसऱ्याकडून घेऊ गेल्यास मोटार कितीही मोठी असो, निराशाच पदरी पडते.

४. पात्यांचा बाक

पंख्याची पाती मध्यापासून कडेपर्यंत सरळ नसतात. फिरण्याच्या दिशेच्या उलट, मागे वाकलेली असतात. प्रथम पाहणाऱ्यास वाटते की, पाणी जोराने फेकावयाचे तर पाती पुढे झुकलेली असावीत, म्हणजे ती पाण्यास पळीप्रमाणे उचलून भिरकावतील. हा समज का खरा नाही, हे नीट समजून घेतले पाहिजे.

पंख्यातून निघणाऱ्या पाण्याच्या अंगी दोन गोष्टी असतात : दाब आणि वेग. दाब लागलाच उपयोगी पडतो. वेगाचा मात्र कवचात दाब करून घ्यावा लागतो, आणि ह्या बदलात पाणी घुसळले जाऊन पुष्कळ शक्ती वाया जाते. पुढे झुकलेली पाती पाण्यास फार वेग देतात. मागे वाकलेली पाती पाण्यास हळुवारपणे सोडतात. त्यामुळे वेगाचा वाटा कमी राहून दाबाचा वाटा पंख्यातच तयार होतो. नासाडी थोडी होते. शिवाय पाण्याचा प्रवाह वाढला तरी मोटारीवरचा भार बेताने वाढतो.

ही गोष्ट एका प्रसिद्ध परीक्षेने सिद्ध झाली. केंद्रोत्सारी पंपाची कल्पना सतराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सच्या डेनी पापँ ह्याने पुढे आणली होती, पण दीडशे वर्षे तिचा फारसा उपयोग झाला नाही. १८५१ साली लंडन शहरी जे मोठे प्रदर्शन भरले, त्यात जॉन अपोल्ड ह्याने वाकलेल्या पात्यांचा पंप मांडला. हा गृहस्थ केसाळ कातड्यांस रंग देण्याचा धंदा करणारा होता. त्या वेळच्या चाचण्यांत मध्यापासून थेट कडेकडे जाणाऱ्या सरळ पात्यांच्या पंख्याने दिलेल्या शक्तीपैकी शेकडा २४ पाण्यास पोहोचविली. सरळ पण तिरकस बसविलेल्या पात्यांनी शेकडा ४३. आणि वाकलेल्या पात्यांनी शेकडा ६८. केवळ पात्यांच्या बाकाने इतके अंतर पडले.

आपल्या महाराष्ट्रात ह्या विद्येचा मान लक्ष्मणराव किर्लोस्कर ह्यांच्याकडे जातो. १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान घालून त्यांनी धंद्यास आरंभ केला, पुढे लोखंडी नांगर केले, १९१० साली औंध संस्थानात कुंडल रोड स्टेशनाजवळ किर्लोस्करवाडी वसविली, आणि तेथे १९२६ पासून केंद्रोत्सारी पंप होऊ लागले. मोटेच्या जागी पंप येण्याचा मार्ग ह्या व अशा कारखान्यांनी मोकळा केला.

बाकाविषयी एक व्यवहाराची सूचना. तीन फेजच्या मोटारीच्या दोन तारा अदलाबदल झाल्या, तर पंखा उलटा फिरतो. तरीही पाणी त्याच नळीतून बाहेर येते, म्हणून पुष्कळांच्या लक्षात चूक येत नाही. पण आता पाती पुढे झुकलेली ठरतात व शंखाचे तोंडही उलट दिशेस पडते. पाणी फार थोडे येते व उंची गाठत नाही. मोटार दुरुस्त होऊन आली, किंवा खांबावरील तारा नव्याने जोडल्या, म्हणजे कवचावरील बाण पाहून फिरण्याची दिशा तपासावी.

५. पात्यांची संख्या, झाकण व झीज

विहिरीवरच्या पंख्यास सहसा पाच ते सात पाती असतात. ती फार थोडी असली तर दोन पात्यांमधील पाणी नीट वळण घेत नाही, मागे सरकते व उंची घटते. फार झाली तर डोळ्याजवळ वाट अरुंद होते व घर्षण वाढते.

काही पंख्यांस दोन्ही बाजूंनी झाकण असते, काहींस एकाच बाजूने, व काही अगदी उघडे असतात. स्वच्छ विहिरीच्या पाण्यास दोन्ही बाजूंनी झाकलेला पंखा उत्तम. गाळ, काडीकचरा किंवा शेणपाणी उपसावयाचे असल्यास उघडा किंवा अर्धा उघडा घ्यावा. तो कमी कार्यक्षम असतो, पण तुंबत नाही.

झाकलेल्या पंख्याच्या डोळ्याभोवती एक कडी असते. पंखा व ती कडी ह्यांमध्ये केसाएवढीच फट ठेविलेली असते. वाळू व कपरीचे कण ह्या फटीतून जाऊन ती वाढवितात. मग दाबाचे पाणी ह्या फटीतून परत डोळ्यात येते, पंखा तेच ते पाणी फिरवीत बसतो, आणि वीज तेवढीच खर्च होते.

ह्याची किंमत आकड्यांत पाहा. सेकंदास ५ लिटर पाणी २० मीटर चढविण्यास निव्वळ सुमारे १.३ अश्वशक्ती पुरते. पंपाची कार्यक्षमता शेकडा ६० असेल, तर मोटारीस सुमारे २.२ अश्वशक्ती द्यावी लागते. तीच कार्यक्षमता शेकडा ४० वर आली, तर सुमारे ३.३ लागते. म्हणजे तीन एच.पी.ची मोटार पहिल्या पंख्यावर आरामात चालेल. दुसऱ्याकडून तेवढेच पाणी घेऊ गेल्यास तीच मोटार तापेल. झिजलेल्या पंख्यापायी मोठी मोटार घेणे हे दुखणे एकीकडे व औषध दुसरीकडे असे होय.

६. पंख्याचा डोळा

समुद्रसपाटीस हवेचा भार सुमारे १०.३ मीटर पाण्याएवढा असतो. आपल्या पठारावर त्याहून काहीसा कमी. त्यातून नळी, फूट व्हॉल्व्ह व घर्षण ह्यांचा वाटा वजा जाता काठावरचा पंप सहा-सात मीटरांहून खोल पाणी भरवशाने ओढू शकत नाही. येथे अश्वशक्तीचा काही उपाय चालत नाही, कारण पाणी हवेच्या भाराने वर येते. म्हणूनच पाणी खाली गेले म्हणजे पंप विहिरीत खाली उतरवावा लागतो.

पाणी फार खोल असून पंप जोर करू लागला, तर डोळ्यातील दाब इतका उतरतो की, थंड पाणीही तेथे उकळून त्यात बुडबुडे होतात. हे बुडबुडे पुढे दाबाच्या जागी फुटतात व पात्यांस देवीच्या व्रणांसारखे खड्डे पाडतात. पंपात खडे वाजत आहेत असा आवाज येऊ लागला, तर हे लक्षण समजावे. डोळा पुरेसा रुंद व पात्यांच्या आतील कडा गुळगुळीत असल्यास हा धोका कमी होतो. पण खरा उपाय पंप पाण्याजवळ नेणे हाच.

७. बोअरमधील पंखे

बोअरचे भोक अरुंद. त्यात मोठ्या व्यासाचा पंखा मावत नाही. तेव्हा एकाच आसावर लहान लहान पंखे एकावर एक बसवितात. पहिला पंखा आपले पाणी दुसऱ्याच्या डोळ्यात देतो, दुसरा तिसऱ्याच्या, आणि प्रत्येक जण आपली उंची त्यात घालतो. एका पंख्याने ८ मीटर उंची मिळत असेल, तर दहा पंख्यांनी ८० मीटर मिळेल. परंतु हे विसरू नये की, पंखे वाढविल्याने उंची वाढते, पंपाची पाणी वाहण्याची क्षमता नव्हे. तीस मीटरांच्या बोअरमध्ये शंभर मीटरांचा पाणबुडी पंप सोडणे हे शेजाऱ्याहून मोठे दिसण्यापुरतेच. वीज व पैसा दोन्ही व्यर्थ.

८. विहीर व पंखा ह्यांची जुळणी

प्रत्येक पंख्याची एक उंची व एक प्रवाह असा असतो की, तेथे तो सर्वांत कमी नासाडीने काम करतो. त्याच्या दोन्ही अंगांस कार्यक्षमता उतरत जाते. आपल्या भागात विहिरीची पातळी भाद्रपदात वर व चैत्रात तळाशी असते. म्हणून एकच पंखा वर्षभर सारखा जुळत नाही. ज्या महिन्यांत सर्वांत अधिक उपसा होतो, त्या वेळच्या पातळीस जुळणारा पंखा घ्यावा, व उन्हाळ्यातील खोली त्याच्या मर्यादेत बसते की नाही हे पाहावे.

पुष्कळांस वाटते की, खोल विहिरीचा पंप उथळ विहिरीवर लावला तर त्यास काम सोपे जाईल. घडते उलटेच. उंची कमी झाल्याने प्रवाह फार वाढतो, प्रवाहाबरोबर मोटारीवरचा भार वाढतो, आणि मोटार जळते. अशा वेळी बाहेरच्या नळीचा व्हॉल्व्ह थोडा आवळल्यास ह्या जातीच्या पंपावरील भार उतरतो. पण योग्य पंखा बसविणे हा खरा उपाय.

नळीचाही विचार करावा. त्याच नळीतून दुप्पट पाणी नेल्यास घर्षण जवळजवळ चौपट होते. चांगल्या पंख्यास अरुंद नळी जोडणे म्हणजे धष्टपुष्ट बैलास रुतलेल्या गाडीस जुंपणे होय.

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट : पंखा झऱ्यास वाढवू शकत नाही. विहीर तासाभरात जेवढे पाणी भरून देते, तेवढेच अखेर मिळते. त्याहून मोठा पंखा विहीर लवकर कोरडी करतो, मग कोरडाच फिरून आपली कडी व मोटार खराब करतो.

९. सौर पंप

महाराष्ट्रात २०२४ साली ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ ही योजना सुरू झाली. तिच्यात अडीच एकरांपर्यंत ३, पाच एकरांपर्यंत ५ व त्याहून अधिक जमिनीस ७.५ अश्वशक्तीपर्यंतचा पंप, असे जमिनीच्या मापाने ठरविण्यात आले. जमिनीच्या मापाने अश्वशक्ती ठरली, तरी पंखा मात्र पाण्याच्या खोलीनेच ठरला पाहिजे. म्हणून अर्ज करताना खोलीचे खरे माप द्यावे.

सौर पंपाचे फेरे उन्हाप्रमाणे कमीजास्त होतात. वर सांगितलेला नियम येथे आठवावा : वेग अर्धा झाला की उंची चौथाईवर येते. त्यामुळे सकाळी पंखा फिरतो पण पाणी येत नाही, आणि ऊन चढले म्हणजे एकाएकी येऊ लागते. हा बिघाड नव्हे. परंतु पंखा खोलीच्या मानाने कमी उंचीचा निवडला असेल, तर दिवसाचे पाण्याचे तास फार थोडे राहतील.

१०. घेण्यापूर्वी व घेतल्यावर

(१) दोरीस दगड बांधून विहिरीची पातळी दिवाळीत, संक्रांतीस व वैशाखात मोजावी व लिहून ठेवावी.

(२) त्या उंचीत पाणी जेथे सोडावयाचे त्या जागेची उंची व नळीचे घर्षण मिळवावे.

(३) पंपाच्या पत्र्यावर केवळ एच.पी. न पाहता उंची मीटरांत व पाणी सेकंदास किती लिटर हे वाचावे. उंचीच्या दोन्ही मर्यादा विचाराव्यात.

(४) पंखा बदलताना त्याच नमुन्याचा, त्याच व्यासाचा व रुंदीचा घ्यावा. भोक जुळले म्हणजे पंखा जुळला असे नव्हे.

(५) २०० लिटरांचे पिंप किती सेकंदांत भरते हे दरवर्षी त्याच महिन्यात, पातळी सारखी असता मोजावे. ४० सेकंदांत भरले तर पाणी सेकंदास ५ लिटर. पुढील वर्षी ६० सेकंद लागले, तर प्रथम नळी, फूट व्हॉल्व्ह, पंखा व कडी पाहावी. मोठ्या मोटारीचा विचार नंतर करावा.

प्रश्न

१. पंप पाण्याने भरल्याशिवाय पाणी का ओढीत नाही?

२. पंख्याचा व्यास व त्याची रुंदी ह्यांपैकी कशाने उंची व कशाने पाणी मुख्यत्वे ठरते?

३. पाती मागे वाकलेली का असतात? अपोल्डच्या पंपाच्या चाचण्यांचे तीन आकडे सांगा.

४. खोल विहिरीचा पंप उथळ विहिरीवर लावल्यास मोटार का जळते?

५. आपल्या गावातील एका विहिरीची आजची पातळी मोजा. तिच्यावरील पंपाच्या पत्र्यावर लिहिलेल्या उंचीशी ती जुळते काय?